महिनाअखेरीला नासणारी नोट : व्हर्गल, १९३२

दुकानदार दोन रुपये सुटे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवतो. तीच गोळी दुसऱ्या दिवशी त्याच्या गल्ल्यावर ठेवून दोन रुपयांची काडेपेटी मागून बघा. तो हसेल, पण गोळी घेणार नाही. एसटीचा कंडक्टर मात्र उरलेले सात रुपये तिकिटाच्या मागे लिहून देतो आणि उतरताना तेच तिकीट दाखवलं की पैसे हातात ठेवतो. गोळीही चलन नाही आणि तिकिटामागचा आकडाही नाही. तरी आकड्यावर आपण विश्वास ठेवतो, कारण ज्यानं तो लिहिला तो स्वतः तो परत घेतो.

गावानं किंवा शहरानं स्वतःचं चलन काढण्याचे प्रयोग जगभर झाले आहेत आणि आजही होतात. त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग ऑस्ट्रियातल्या व्हर्गल या गावाचा. तो सहसा चमत्काराची कथा म्हणून सांगितला जातो: एका महापौरानं नासणारा पैसा छापला, पैसा धावायला लागला, मंदी पळाली, मग सरकारनं घाबरून बंदी घातली. कथा खोटी नाही. पण जमाखर्चाच्या बाजूनं पाहिलं तर मला त्यात चमत्कारापेक्षा थकबाकी वसुलीची एक फार हुशार योजना दिसते.

गाव आणि त्याची देणी

व्हर्गल तिरोल प्रांतात, इन नदीच्या खोऱ्यात आहे. शहराचा दर्जा त्याला पुढे मिळाला. १९३२ मध्ये ते चार हजारांहून थोडी जास्त वस्ती असलेलं बाजारगाव होतं. दोन रेल्वेमार्ग तिथे मिळतात, त्यामुळे रेल्वेत कामाला असलेले बरेच. बाकीच्यांना परिसरातला सिमेंटचा धंदा आणि सेल्युलोजचा कारखाना पोसायचा. मे १९३१ मध्ये व्हिएन्नाची सर्वांत मोठी बँक, क्रेडिटआन्श्टाल्ट, कोसळली. त्यानंतर युरोपभर जी पडझड झाली तिचा धक्का या खोऱ्यालाही बसला. कारखाने थंडावले, रेल्वेनं माणसं कमी केली. गावात चारशेच्या आसपास बेकार, आजूबाजूची खेडी धरली तर दीड हजार. त्यातल्या अनेकांचा सरकारी बेकारभत्ता संपलेला आणि त्यांच्या जेवणाची जबाबदारी नगरपालिकेच्या डोक्यावर आलेली.

नगरपालिका तरी कुठून देणार? इन्सब्रुकच्या बचत बँकेचं सुमारे तेरा लाख शिलिंगांचं (शिलिंग हे ऑस्ट्रियाचं तेव्हाचं चलन) कर्ज तिच्या अंगावर होतं आणि त्याचं व्याजही थकलेलं. उलट बाजूला गावकऱ्यांकडून तिला १,१८,००० शिलिंग कर येणं होतं. तोही येत नव्हता, कारण दुकानदाराकडे गिऱ्हाईक नाही आणि गिऱ्हाइकाकडे पगार नाही.

आता हे जरा नीट मांडून पाहू. रस्ते उखडलेले, गटारं अर्धवट. ती दुरुस्त करू शकणारे हात रिकामे. ते हात पोसायला लागणारी भाकरी, चप्पल, लाकूड हे सगळं दुकानांत पडून. आणि दुकानदार नगरपालिकेचे देणेकरी. म्हणजे वर्तुळ जवळजवळ पूर्ण होतं. फक्त एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायला शिलिंग नव्हता, कारण ज्याच्याकडे चार शिलिंग होते तो ते पेटीत ठेवून भाव आणखी पडायची वाट बघत होता.

महापौर

डिसेंबर १९३१ मध्ये मिखाएल उंटरगुगेनबर्गर महापौर झाले. मूळचा रेल्वेचा माणूस, मेकॅनिकचं काम शिकलेला, कामगार चळवळीतून वर आलेला समाजवादी. पण त्यांनी जे पुस्तक मनावर घेतलं ते मार्क्सचं नव्हतं, सिल्व्हिओ गेझेल यांचं होतं. गेझेल हे अर्जेंटिनात व्यापार केलेले जर्मन गृहस्थ. १९१९ मध्ये म्युनिकच्या क्रांतिकारी सरकारात ते जेमतेम आठवडाभर अर्थमंत्रीही होते! त्यांचं म्हणणं कुठल्याही भाजीवाल्याला पटेल असं आहे. टोमॅटो सडतो, लोखंड गंजतं, धान्याला टोके लागतात. पैशाला काहीच होत नाही. म्हणून सौद्यात पैसेवाला थांबू शकतो आणि मालवाला थांबू शकत नाही. संध्याकाळी मंडईत मेथीची जुडी कुणाच्या भावानं जाते हे ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. यावर गेझेल यांचा उपाय असा, की पैशालाही गंज चढवा. हातात धरून ठेवला तर त्याची किंमत घटली पाहिजे.

हे नुसतं पुस्तकात राहिलं नव्हतं. बव्हेरियातल्या श्वानेनकिर्शन या खेड्यात बंद पडलेली कोळसा खाण माक्स हेबेकर यांनी अशाच नासणाऱ्या नोटा मजुरीत देऊन पुन्हा सुरू केली होती. मागे कोळसा उभा आहे म्हटल्यावर तिथल्या दुकानदारांनी नोटा घेतल्या. १९३१ मध्ये जर्मन सरकारनं तो प्रकार बंद पाडला. व्हर्गलच्या महापौरांना यश आणि बंदी दोन्हींची कल्पना असणारच.

त्यांनी सभा घेऊन भाषणं ठोकण्याआधी दुकानदारांना एकेकट्याला गाठलं. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जुलै १९३२ मध्ये ठराव झाला तेव्हा विरोधी पक्षांची माणसं आणि गावचा पाद्री हेसुद्धा नोटांवर देखरेख करणाऱ्या मंडळींत होते. तिरोलसारख्या सनातनी कॅथलिक मुलखात समाजवादी महापौराच्या कागदावर पाद्र्याची जबाबदारी असणं म्हणजे काय, हे गावात राहिलेल्या माणसाला लगेच कळेल.

नोट जवळून

तिला नोट म्हणायचं टाळलं होतं. कागदावर शब्द होता तो साधारण 'प्रमाणित श्रममूल्य' अशा अर्थाचा. म्हणजे ही कामाची पावती आहे, चलन नव्हे, असा पवित्रा. एक, पाच आणि दहा शिलिंग अशा तीन किमती. एका बाजूला बारा महिन्यांचे बारा चौकोन. महिना उलटला की नोटेच्या किमतीच्या एक टक्का किमतीचं तिकीट नगरपालिकेकडून विकत घेऊन त्या चौकोनात चिकटवायचं. दहा शिलिंगांच्या नोटेला दहा ग्रोशनचं तिकीट (शंभर ग्रोशन म्हणजे एक शिलिंग). तिकीट नसेल तर नोट दर्शनी किमतीला कुणी घेणार नाही. तिकिटांचे पैसे गरिबांच्या मदतनिधीला.

मागच्या बाजूला चक्क एक छोटं प्रवचन छापलेलं होतं: पैशाच्या संथ फिरण्यानं जग अभूतपूर्व संकटात लोटलं गेलं आहे, कष्टकरी माणूस दैन्यात पडला आहे, वगैरे. शेवटी, या पावत्या हाल हलके करतात, काम आणि भाकरी देतात. स्वतःचं समर्थन पाठीवर घेऊन फिरणारी नोट मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

एकूण ३२,००० शिलिंगांच्या नोटा छापल्या. हवेत मात्र नाही. जेवढ्या नोटा बाहेर जातील तेवढे खरे शिलिंग गावच्या राइफाइझन सहकारी बँकेत ठेवलेले असत. कुणालाही नोट देऊन शिलिंग घेता येत, पण दोन टक्के कापून.

या कापण्याला मराठीत जुना शब्द आहे: बट्टा. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, हाली असे नाना शिक्क्यांचे रुपये एकाच बाजारात फिरत. सराफ एक रुपया घेऊन दुसरा देताना बट्टा कापायचा. आपण अजूनही 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तो इथूनच. मजा ही, की पेशवाईत बट्टा हा व्यापाराला लागलेला जाच होता. व्हर्गलमध्ये तो मुद्दाम बसवलेला बांध होता, पैसा गावाबाहेर सहज वाहून जाऊ नये म्हणून.

खिडकीवर काय झालं

३१ जुलै १९३२ रोजी पहिल्या एक हजार शिलिंगांच्या नोटा मजुरीत वाटल्या. त्यानंतरची एक गोष्ट नेहमी सांगतात. तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा रोखपाल धावत आला म्हणे: नोटा बनावट आहेत! आपण वाटल्या हजाराच्या आणि करापोटी आत आल्यात एक्कावन्नशेच्या! महापौर नुसते हसले. त्याच नोटा फिरून फिरून परत येत होत्या.

आकड्यात मीठमसाला असेल. पण गोष्ट कुठे घडते ते बघा. बेकरीत नाही, बाजारात नाही. कर भरायच्या खिडकीवर.

समजा, तुम्ही त्या गावचे बेकरीवाले आहात. महिन्याची तीस तारीख. गल्ल्यात पन्नास शिलिंगांच्या या पावत्या साठल्या आहेत, कारण रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांनी त्याच देऊन पाव नेले. पीठ बाहेरून येतं, आणि गिरणीवाला या पावत्या घेत नाही. उद्या पहिली तारीख. ठेवल्या तर एक टक्क्याची तिकिटं चिकटवा. बँकेत नेल्या तर दोन टक्के बट्टा. गावातच खर्च केल्या तर पूर्ण किंमत, पण पन्नास शिलिंगांची खरेदी एका संध्याकाळी कुठे करणार? चौथी वाट नगरपालिकेची. तिथे गेल्या वर्षीचा कर थकलाय आणि तिथे पन्नासचे पन्नास जमा होतात. दिवेलागणीला तुम्ही कुठे रांगेत उभे असाल?

गेझेल यांना हवं होतं ते बाजारातलं फिरणं. तेही झालं असणार, नाकारत नाही. पण थकबाकी नावाची एवढी मोठी विहीर शेजारी असताना नोटांचा ओघ तिकडेच वळणार होता. आणि तो वळल्यामुळेच प्रयोग चालला. आत आलेली नोट नगरपालिका दुसऱ्या दिवशी पुन्हा मजुरीत द्यायची. स्वतःच्या नोकरांना आणि खुद्द महापौरांनाही पगाराचा मोठा हिस्सा याच नोटांत मिळे. बुडीत धरलेली येणी जिवंत झाली आणि त्यांचे रस्ते झाले. लोकांनी थकबाकी तर भरलीच, काहींनी पुढचा करही आगाऊ भरला. जगात मंदी असताना आगाऊ कर! आपल्याकडच्या नगरपालिका मार्चअखेरीला थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवतात, त्यांच्या वसुली विभागानं हे वाक्य दोनदा वाचावं.

एका वेळी बाहेर असलेल्या नोटा सरासरी साडेपाच हजार शिलिंगांच्याही आत होत्या. तिकिटांचं उत्पन्न काढा: एक टक्का म्हणजे महिन्याला पंचावन्न शिलिंग. एवढ्यात गटाराचे चार पाइपही येणार नाहीत. म्हणजे नासण्यातून गावाला पैसा मिळत नव्हता. नासणं हा फक्त चिमटा होता, माणसाला तीस तारखेला घराबाहेर काढणारा. कमाई होती ती खिडकीवर परत येणाऱ्या नोटेत. 'एकेक नोट वर्षात शेकडो वेळा फिरली' असे आकडे अजून छापले जातात; पण खासगी हातांतला प्रवास मोजायला तिथे कुणी बसलं नव्हतं. मोजता येत होतं ते खिडकीवरचंच.

या पैशातून वर्षभरात गावानं रस्ते दुरुस्त केले, गटारं वाढवली, रस्त्यावर दिवे लावले, एक पूल बांधला आणि बर्फावरून उडी मारण्याच्या खेळासाठी उतारही बांधला. या शेवटच्या कामावर टीका करणारे भेटतात. मला ते आवडलं. दुष्काळी कामं म्हटली की खडी फोडणं एवढंच आपल्याला आठवतं; बेकारीतल्या गावानं मुलांच्या खेळासाठी काही बांधावं यात काय वाईट?

नोट न घेणारे

गावातल्या बहुतेकांनी नोटा घेतल्या. न घेणारे मुख्यतः दोन: रेल्वे आणि पोस्ट. दोन्ही केंद्र सरकारची खाती. ज्या स्टेशनच्या जोरावर गाव वाढलं आणि ज्या रेल्वेत महापौरांची हयात गेली, तिथे महापौरांची नोट चालत नव्हती. एका अर्थानं हा प्रयोगाचा नकाशाच होता. नगरपालिकेचं देणं जिथे संपतं तिथे नोटेची हद्द संपते.

इथे ब्रिस्टलची आठवण होते. इंग्लंडमधल्या त्या शहरात सप्टेंबर २०१२ मध्ये 'ब्रिस्टल पाउंड' सुरू झाला, तोही पतसंस्थेच्या आधारानं. महापौर जॉर्ज फर्ग्युसन यांनी आपला सगळा पगार त्यात घ्यायचं ठरवलं, नगरपालिकेनं व्यवसायांवरचा करही त्यात घेतला. पण तिथे नोट नासत नव्हती, बेकारीचं काम तिच्याशी जोडलेलं नव्हतं, आणि कर साध्या पाउंडात भरला तर कुणाचं काही अडत नव्हतं. ती नोट वापरणं ही गावाबद्दलची आपुलकी होती. काही वर्षांत कार्ड टेकवून पैसे देणं इतकं सोपं झालं, की आपुलकीसाठी वेगळं पाकीट बाळगणं जड वाटायला लागलं. २०२० मध्ये तिची खाती बंद झाली, पुढच्या वर्षी कागदी नोटाही. व्हर्गलचा बेकरीवाला प्रेमानं रांगेत उभा नव्हता.

बंदी

१९३३ च्या जानेवारीत शेजारच्या किर्शबिशल गावानंही व्हर्गलसारख्याच नोटा काढल्या. बातमी बाहेर गेली. परदेशी पत्रकार, अर्थशास्त्राचे अभ्यासक यायला लागले. अमेरिकेत येल विद्यापीठाचे अर्विंग फिशर यांनी याच कल्पनेचा पाठपुरावा केला आणि तिकिटं चिकटवायच्या नोटांवर १९३३ मध्ये पुस्तकच लिहिलं. तिथल्या संसदेत अशा एक अब्ज डॉलरच्या नोटा काढण्याचं विधेयकही मांडलं गेलं. ते पुढे सरकलं नाही.

जून १९३३ मध्ये उंटरगुगेनबर्गर व्हिएन्नात सुमारे १७० गावांच्या महापौरांसमोर बोलले. माझ्या मते प्रयोगाची गाठ इथे पडली. एका खोऱ्यातल्या साडेपाच हजार शिलिंगांकडे ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय बँकेला, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेला, दुर्लक्ष करता आलं असतं. पावणेदोनशे गावांकडे कसं करणार? नोटा काढण्याचा अधिकार कायद्यानं फक्त तिचा होता. बंदीचे आदेश १९३३ च्या सुरुवातीलाच निघाले होते. गाव अपिलावर अपील करत होतं. सप्टेंबरात नोटा थांबल्या आणि १८ नोव्हेंबर १९३३ रोजी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं गावाची शेवटची मागणीही फेटाळली.

बँकेला नुसतं खलनायक ठरवणं मला पटत नाही. जो कुणी आणेल त्याला मागणी केल्याबरोबर पैसे देण्याचं वचन देणारा कागद कुणालाही काढता येऊ लागला तर शेवटी सराफांचे आणि बट्ट्याचेच दिवस येतात. भारतात रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ३१ नेमकं हेच रोखतं. उद्या महाराष्ट्रातल्या एखाद्या नगरपरिषदेनं घरपट्टीत वळती होईल अशी नोट मजुरीत द्यायची ठरवली, तर पहिलं पत्र तिथूनच येईल. पण मंदीच्या तळाशी, चलन आक्रसत असताना, याच बँकेनं स्वतः शिलिंग बाहेर सोडायचंही नाकारलं होतं. विहिरीवर कुलूप लावायचं आणि घागर घेऊन दुसरीकडे जाणाऱ्यालाही अडवायचं, असा तो प्रकार झाला.

राहून गेलेला प्रश्न

माझ्या हिशेबानं खरी परीक्षा बंदीनंतरच्या वर्षात यायची होती. १,१८,००० ची थकबाकी ही एकदाच उपसता येणारी विहीर होती. ती आटल्यावर आणि आगाऊ कर भरून झाल्यावर बेकरीवाल्याची चौथी वाट अरुंद झाली असती. चालू वर्षाचा कर तर उरतोच, पण तो थकबाकीच्या मानानं थोडा. मग तीस तारखेला नोट बँकेत जाते, दोन टक्के सोसून शिलिंग बाहेर जातात, आणि नगरपालिकेला एक तर नोटा कमी कराव्या लागतात, नाही तर गिरणीवाल्यालाही आत ओढावं लागतं. किर्शबिशल सामील झालं ते याच दिशेचं पाऊल होतं. दोन गावांत मिळून गिरणी, दूध, लाकूड सापडण्याची शक्यता एका गावापेक्षा जास्त. तिरोलचं अख्खं खोरं आलं असतं तर काय झालं असतं, हे बघायला तेरा-चौदा महिने पुरले नाहीत.

फेब्रुवारी १९३४ च्या यादवीनंतर ऑस्ट्रियात समाजवादी पक्षावर बंदी आली आणि उंटरगुगेनबर्गर यांचं महापौरपद गेलं. १९३६ मध्ये ते वारले. त्याच वर्षी ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचा मुख्य ग्रंथ आला आणि त्यात गेझेल यांच्यावर काही पानं निघाली. पैशाला गंज चढवला तर लोक गंज न चढणारी दुसरी वस्तू धरून ठेवतील, अशी शंका केन्सनी त्यात घेतली. व्हर्गलच्या खिडकीपाशी उभं राहून ही शंका विचारली असती, तर रोखपालानं थकबाकीची वही पुढे सरकवली असती.